पोट आत ओढणाऱ्यांचं माप

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाचीच्या घरी जिने फार, म्हणून विचारतो. (रागाचं विचारत नाही, तो ठणठणीत असणारच.)

दुकानातले तयार शर्ट अखेर मिळेल त्याला देऊन टाकले. मी ते भरले म्हणून तू कात्री ठेवून निघून गेलीस, आणि तीन वर्षांत त्यातले निम्मेही खपले नाहीत. अंगावर न चढताच जुन्या झालेल्या कपड्यांची ती रास बघून मला अन्न गोड लागेना. आता नियम वडिलांच्या वेळचाच. माणूस समोर उभा राहिल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. चिंधीसुद्धा वाया जाणार नाही, असं मी गल्लीभर सांगत सुटलो.

पहिले आले निवृत्त हेडमास्तर. टेप लावली तसे ताठ झाले, पोट आत, छाती बाहेर. मी इमानेइतबारे माप लिहून घेतलं. कोट तयार झाला, त्यांनी घातला, माणसासारखा श्वास घेतला आणि दोन बटणं थेट आरशावर. मग पोस्टमनची बायको, मग दाताचे डॉक्टर, सगळ्यांचं तेच. माझ्यासमोर कोणी पोट सैल सोडतच नाही. मग उसवा, जोड द्या, नाहीतर नवं कापा. काही वाया न घालवण्याच्या या धंद्यात चिंध्यांची इतकी पोती पूर्वी कधी भरली नव्हती.

तुझी पद्धत आठवते. टेप गळ्यात तशीच ठेवून तू गिऱ्हाइकाला घरचं विचारायचीस, सुनेचं, दुखण्याखुपण्याचं. तो बोलता बोलता सैलावला की हळूच माप घ्यायचीस, आणि वडील मशीनवर मान खाली घालून हसायचे. ते दिवस फार आठवतात गं. परवा मीही हेडमास्तरांना सुनेबद्दल विचारलं, तर ते आणखीच ताठ झाले. (सून भांडून माहेरी गेली आहे. मला काय ठाऊक?)

बाकी ठीक. उत्तर टाकून बोलणारं असलं तरी चालेल, पण पाठव.

तुझा,
धाकटा

ता. क. गिऱ्हाइकांशी काय बोलायचं ते सविस्तर लिहून कळव. तेवढंच काम होतं.

आणखी ता. क. लिहून कळवू नकोस, तूच ये. गुरुवारी ताई माप घेणार, असं मी सहा जणांना सांगून बसलोय. तयार शर्ट भरले ते चुकलंच माझं. हे वर पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, पण धीर झाला नाही.