देव काढला आणि विमान सुटलं

मु. दापोरा, ता. बुऱ्हाणपूर
१३ डिसेंबर १९५६

सौ. विहीणबाई धुरपदाबाई यांस मालूबाईचा नमस्कार. तुमच्या गुडघ्यांना उतार पडला असेल. व्याह्यांचा खोकला, सुनेची (म्हणजे माझ्याच शारदेची) कंबर, दुकानातली मांजर, सगळे बरे असोत. इकडे आम्ही बरे. माझं कोपर फुटलंय, पण ते तुम्ही विचारलं नाही, म्हणून मी सांगत नाही.

तुमचं पत्र पोचलं. पोराने आजीच्या गावी जाऊन विमान मोडलं, असा निष्काळजी पोरगा, आता त्याला जळगावात सरकीच्या दुकानावर बसवतो, असं लिहिलंत. वाचून माझं डोकं भणाणलं. दुसरीपर्यंत शिकलेली बाई चार पानं लिहायला बसली, म्हणजे किती भणाणलं ते समजा. मधुकर तुमचा नातू तसा माझाही. चार वर्षं घासून परवाना मिळवला त्याने, आणि तुम्ही एका पत्रात त्याला सरकी मोजायला लावता!

आधी ते विमान म्हणजे काय ते ऐका. मला वाटलं आगगाडीएवढं असेल. निघालं दोन माणसांचं, लाकडाच्या काड्या आणि वर ताणलेलं कापड. आमच्या बुऱ्हाणपूरच्या मागावर याहून घट्ट विणतात. (मी नुसती टिचकी मारली तर ओरडला, आजी, हात नको लावू! याचं नाक पुसलं तेव्हा हाच हात चालत होता.) रविवारी सकाळी ज्वारी काढलेल्या रानात तो उतरला आणि माझ्या पाया पडायचं सोडून चुन्याची रेघ आखत सुटला. सगळ्यांनी म्हणे रेघेच्या बाहेर राहायचं. माझ्याच रानात मी बाहेर! औक्षणाचं ताट घेऊन पुढे झाले तर म्हणतो, दिवा लांब ने, पेट्रोल आहे. बिनदिव्याचं औक्षण तुमच्या जळगावात होत असेल, आमच्यात होत नाही.

जेवून दुपारी निघाला. हे यंत्र हाताने पुढचा पंखा फिरवला की सुरू होतं, आणि सुरू होताच पळू नये म्हणून चाकांना ठोकळे लावतात. त्याचा एक ठोकळा उतरताना चिरला होता. म्हणून आमच्या सालदाराला, उखर्डूला म्हणाला, मोठा दगड आण. रानात दगडांना काय तोटा? पण त्या मेल्याने बांधावरचा शेंदूर लावलेला म्हसोबा उचलून चाकाखाली घातला! मधुकर पुढे पंख्याशी, त्याला काय दिसणार? मला दिसलं. मी रेघ ओलांडून वाकले, देव ओढून काढला आणि त्याच्या जागी ताटातला नारळ लावला. (नारळ फोडायचाच होता.) तेवढ्यात पंखा सुरू झाला, नारळ फुटला आणि विमान सुटलं.

आता नीट वाचा. आत उडी मारून यंत्र बंद करता आलं असतं. मधुकर आत गेला नाही. पंख्यापासून मी वीतभर लांब, देव छातीशी धरून उभी. त्याने येऊन मला उकिरड्यात ढकललं. कोपर तिथे फुटलं.

विमानात माणूस नाही! एका चाकाला ठोकळा, म्हणून आधी घाण्याच्या बैलासारखं दोनदा गरगर फिरलं. लोटू पाटील बैलगाडीखाली शिरून "पकडो, पकडो!" ओरडत होते. बैल बुजले, गाडी घेऊन पळाले, पाटील उघड्यावर. मग ठोकळ्यावरून चढून विमान सरळ आमच्या केळीत घुसलं, घडाला आलेली झाडं आडवी करत पाटाच्या चिखलात नाक खुपसून बसलं. पंखा मोडला, कापड फाटलं. माणूस एकही मेला नाही, कारण सगळे रेघेच्या बाहेर होते. (हे लिहायला मला आवडत नाही, पण खरं आहे.)

मग बुऱ्हाणपूरहून हवालदार आला. छापील कागदावर नागपूर खोडून वर भोपाळ लिहिलेलं. राज्य नवीन, कागद जुनाच. त्यात मोटारीचा रकाना होता, बैलगाडीचा होता, विमानाचा नव्हता. मला विचारतो, "माताजी, चला कौन रहा था?" म्हटलं, कोई नहीं. तर त्याने मोकाट जनावरांत लिहून टाकलं! कसं सुटलं, हे विचारल्यावर मी तोंड उघडणार, तेवढ्यात मधुकर म्हणाला, ठोकळा लावायला मी विसरलो. चार माणसांत मला गप्प बसवलं. घरी त्याला फैलावर घेतलं तर म्हणे, आजी, तुला या वयात चौकशीत कशाला ओढू? या वयात! या वयात मी एकटी केळी पिकवते, आणि माझी चूक माझ्या नावावर ठेवायला याची परवानगी लागते?

मोडकं विमान न्यायला, ते ज्या उडायच्या क्लबाचं, तिथला साहेब आला, घोड्याच्या दातांचा, टकल्या, स्वतःच्या बुटांकडे बघत बोलणारा. मी सांगायला गेले तर "आप बैठिए, अम्मा" म्हणून ट्रकात चढला. मंगळवारी चौकशी आहे. परवाना काढून घेणार म्हणतो.

सगळ्यांना ज्याचा त्याचा मान सांगावा.

मालूबाई (सही केली, अंगठाही लावला, मागाहून वाद नको)

ता. क. उखर्डू काल रडत आला. तो म्हसोबा नव्हताच. शेजाऱ्याने बांध सरकवू नये म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यानेच साध्या दगडाला शेंदूर फासला होता. तीन वर्षं मी त्याला नैवेद्य दाखवते आहे. उखर्डूशी माझं बोलणं बंद आहे.

ता. क. हे पत्र मधुकरला न दाखवता मंगळवारी जावयाच्या हाती क्लबात पाठवा. मी स्वतः निघाले असते, पण आजीला गाडीत घ्यायचं नाही, असं दापोऱ्यातल्या प्रत्येक गाडीवानाला मधुकरने बजावून ठेवलंय. साहेबाच्या दातांच्या ओळी तेवढ्या कात्रीने कापा असं लिहिणार होते. पण पान उलटून पाहिलं, तर बरोबर त्यांच्या मागे दगड मी काढला ते लिहिलंय. तेव्हा दात राहू द्या.