गलाईवाल्यांकडून बारावीचा इतिहास

३ डिसेंबर

बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बसले खरी, पण इतिहास डोक्यात शिरेना! काल वाचलेलं आज पुसून जातं. आणि बारावी झाल्याशिवाय अंगणवाडी सेविकेचा अर्ज घेत नाहीत. गावातली जागा उन्हाळ्यात भरणार. पुन्हा कधी निघेल, देव जाणे.

सासूबाई म्हणाल्या, "मेलेल्या मान्सांचं पाठ करून काय करायचं हाय?"

७ डिसेंबर

फोनवर ह्यांच्यापुढे रडले. हे अमृतसरला, गलाईच्या दुकानात — दिवसभर सोनं वितळवायचं नि शुद्ध करायचं. म्हणाले, "आपल्या विट्याकडचा गलाईवाला न्हाई असं शहर हाय का देशात? जो जिथं हाय तिथला इतिहास त्याला इचार की."

मोठ्या दिरांना विचारलं. हंबीरराव भावजींची भट्टी बंगालात, मुर्शिदाबादला.

१० डिसेंबर

भावजींनी त्यांच्या जवळच्याच प्लासीची लढाई व्हॉट्सॲपवर बोलून पाठवली. मागे भट्टीची फरफर. "नवाबाचा सेनापती मीर जाफर म्हंजी वरनं सोनं, आत तांबं. आगीत घातल्याबिगर कळतंय व्हय?"

भाकरी थापता थापता तीनदा ऐकलं. सासूबाईंनी भाजी करपवली — म्हणे, नवाबाचं पुढं काय झालं ते ऐकत होते!

२१ डिसेंबर

कॉलेजात सराव परीक्षा. प्लासीत नवाबाचा पराभव का झाला? मी लिहून बसले — नवाबाने मीर जाफरला आगीत घालून तपासलं नाही. इतिहासाच्या अपेक्षा मॅडमना हसू आवरेना. मग म्हणाल्या, "कारण बरोबर आहे. पण पेपर तपासणारा विट्याचा नसला तर?"

लाज वाटली. अर्धे मार्क मात्र मिळाले.

४ जानेवारी

जालियनवाला बाग राहिलीय. ह्यांच्या दुकानापासून चालत जाण्यासारखी. "आवं, सांगा की." तर कळलं — इतकी वर्षं तिथे राहून आत गेलेच नाहीत. दुकान, भट्टी, खोली — संपलं. मी चिडले. जरा जास्तच बोलले.

५ जानेवारी

आज ह्यांनी दुकान उघडलंच नाही. बागेत गेले. तिथून फोन केला. अरुंद बोळ, विहीर, भिंतीतल्या गोळ्यांच्या खुणा — सावकाश सांगत होते. "वाट एवढीशी गं. पळणार कुठनं मान्सं?" शेजारी सासूबाई तोंडाला पदर लावून बसलेल्या.

हे पाठ करावं लागणार नाही.

१ मार्च

इतिहासाचा पेपर. बाग आली! लिहिता लिहिता पुरवणी मागितली. मीर जाफरला आगीपासून लांब ठेवलं.

५ मे

पास!! सगळ्यात जास्त मार्क इतिहासात. अंगणवाडीचा अर्ज टाकूनच घरी आले. सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्यात, "आमच्या सुनंनं देश पाठ केला."

६ मे

ह्यांचा फोन. आज आवाज एकदम बारीक. "क्रांती, आठवीत दप्तर टाकून काकाबरूबर हितं आलो. दहावीला बाहेरनं बसाय माझं वय निघून गेलंय का गं?"