चिंच पाडण्याचा प्लॅन

४ मे १९७१, मंगळवार.
आजपासून रोजनिशी. एकतीस वर्षं ओव्हरसीयर होतो, नोंदीशिवाय खड्डाही खणू दिला नाही.

काम: आमच्या आणि कडूबाईच्या घरामधली चिंच पाडणे. आतून पूर्ण पोकळ. ढोलीत हात घालून पाहिलं. ओलं, गिळगिळीत, वटवाघळांची घाण, आणि आत काहीतरी हललं. शी! तीनदा साबण लावला, वास जात नाही. जेवलो नाही. सौ. म्हणाली, हात घालायला सांगितलं होतं कुणी? हिला इन्स्पेक्शन कधी कळलंच नाही.

झाड कडूबाईच्या घराकडे कललंय. तिची साळू पहिल्या बाळंतपणाला यायची आहे, नववा लागलाय. कडूबाई म्हणते, सायेब, ह्या मढ्याखाली बाळंतीन कशी निजवू, वळवाचं वारं सुटलं म्हंजी? मी शब्द दिला. पंधरा तारखेच्या आत चिंच आडवी.

६ मे, गुरुवार.
कादर लाकूडतोड्या आला. कडूबाईनंच पाठवलेला. म्हणतो, पोकळ झाड बुडातनं कापायचं न्हाई, आधी वरनं फांद्या उतरवायच्या, मग तुकडं करत खाली यायचं. चार दिवस लागतील. चार दिवस! कुऱ्हाडीचे दिवस संपले म्हणून सांगितलं. जाताना पान खाल्लेले लाल दात काढून हसला. किळस आली.

८ मे, शनिवार.
नगरहून पेट्रोलची करवत आणली. ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरची. एस.टी.त मांडीवर घेऊन कोल्हारपर्यंत आलो. कंडक्टरनं तिचं हाफ तिकीट फाडलं. पँटवर काळं तेल. घामट माणसं, कोंबड्या, शेजारी एक ओकणारा. असो.

बरोबर इंग्रजी बुक दिलंय. अकराव्या पानावर आहे की पोकळ झाड बुडातून कापून पाडू नये, जाणकाराला बोलवावं. हे पान नवशिक्यांसाठी असावं. पुढे वाचलं.

११ मे, मंगळवार.
मशीन सुरू होत नाही. दोरी ओढून ओढून खांदा गेला. सौ.नं हळद-तेल चोळलं आणि विचारलं, कादर चार दिवसच म्हणाला होता ना? तिचं हे विचारणं मला मुळीच आवडत नाही.

संध्याकाळी ५. सुरू झालं! पेट्रोलचा कॉक बंद होता. म्हणजे मशीनमध्ये दोष नव्हता, हे मी आधीपासून म्हणत होतो.

१३ मे, गुरुवार.
दुपारी वारं सुटलं. मांडीएवढी फांदी कडूबाईच्या म्हशीपुढं पडली. कडूबाई दारात येऊन रडली. साळूच्या सासरचे म्हणतात, झाड पडंस्तवर पोरीला धाडणार न्हाई. मी म्हणालो, रविवारी सकाळी नक्की. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, मग कादरला बोलवू का? लोकांना केल्याची किंमतच नाही.

१५ मे, शनिवार.
प्लॅन पक्का. झाड कडूबाईच्या घरापासून उलट ओढायचं आणि आमच्या अंगणात पाडायचं, स्वयंपाकघरापासून सहा फूट बाजूला. तिथं खुंटी ठोकून लाल फडकं बांधलं. शेंड्याला मोटेचा जाड नाडा, नाड्याला पलीकडच्या मळ्यातल्या कारभारीचे बैल. बैल मी स्वतः निवडले. त्याच्याकडे अजून पाण्याचं इंजिन नाही, नऊ वर्षं जोडी विहिरीवर मोटेला आहे, नाड्याची सवय आहे. कादर म्हणाला, मोटंचे बैल नका घेऊ. कारण ऐकून घेतलं नाही. निव्वळ जळफळाट.

कडूबाईला म्हटलं, भांडीकुंडी आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेव. म्हणाली, ऱ्हाऊ द्या. अडाणीपणा! पण उद्या माणसं-जनावरं सगळी रस्त्यापलीकडे, हा माझा हुकूम. सेफ्टी फर्स्ट.

१६ मे, रविवार. सकाळी ७.
सौ.नं झाडाला अक्षता वाहिल्या, माफी मागितली. वेळेचा अपव्यय. सगळं गाव जमलंय. माझा हात स्थिर आहे.

दुपारी १.
आधी वस्तुस्थिती. खाच बरोबर होती. अँगल बरोबर होता. बुंध्यात नुसती साल आणि सडका भुसा. करवत लोण्यात गेल्यासारखी आत गेली आणि भुसा, अळ्यांसकट, माझ्या तोंडात. थू! थू! चिंच कडकडली. कारभारीनं बैल हाकले. काय ओढलं म्हणून सांगू! झाड कडूबाईच्या घरावरून उठलं, सरळ झालं, आमच्या बाजूला कललं, फडक्याकडे वळायला लागलं.

आणि बैल थांबले. मग उलट्या पावलांनी मागं यायला लागले.

मोटेचे बैल! विहिरीच्या धावेच्या उताराएवढंच ओढायचं, मोट रिकामी झाली की मागं सरायचं. नऊ वर्षं दुसरं काही केलेलं नाही. कारभारी शेपट्या पिरगाळतोय, मी बोंबलतोय, आणि ते मख्खपणे मागं. नाडा ढिला पडला. चिंच आमच्या स्वयंपाकघरावर बसली. आत कुणी नव्हतं, त्याचं श्रेय कुणी दिलं नाही.

कडूबाईचं एक कौलसुद्धा हललं नाही.

१९ मे, बुधवार.
मुक्काम कडूबाईची ओसरी. सौ.नं मला न विचारता कादरला बोलावलं. तो घरावरचं झाड तुकड्या-तुकड्यानं उतरवतोय. मी खालून सूचना देतो. त्याला ऐकू कमी येत असावं.

२३ मे, रविवार.
साळू परवा आली. आज सकाळी मुलगी झाली, दोघी सुखरूप. सुईण कालच म्हणाली, पुरुषमानसाचं इथं काय काम? म्हणून कालपासून मी गोठ्यात. म्हैस रात्रंदिवस रवंथ करते आणि माझ्याकडे बघते. शेणाचा वास डोक्यात गेलाय. तरी गोठा हवेशीर आहे.

संध्याकाळी कडूबाईनं बैल ओवाळायला आणले. रडत म्हणाली, ह्यांनीच माझ्या लेकीवरनं झाड वढून नेलं. सगळ्या बायका हो म्हणाल्या. प्लॅन कुणाचा होता हे सांगायला मी पुढं झालो. सौ.नं आरतीचं ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, नीट धरा, दिवा विझेल.

धरलं.