सुटकेचा मेंढा

आदरणीय अनारकान एजे,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, सुयुमकानचा, तुला आणि दाजींना मनापासून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तुमच्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली का, की अजून बटाट्याची पोती दाजीच वर चढवतात? नातवाचे दात आले असतील. त्याला माझा पापा दे. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायला हात शिवशिवतो, कारण पत्राची सुरुवात तशीच करायची हे आईने आपल्याला शिकवलं. पण ठीक काही नाही, एजे. यांना न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उठवून घरी बसवलं आहे, दूधगाडीवाल्या एर्मेकला पुन्हा तुरुंगात धाडायचं घाटत आहे, आणि या सगळ्याच्या मुळाशी मी माझ्या हाताने शिजवलेला एक मेंढा आहे. (फोनवर सांगितलं असतं, पण फोन कोणीतरी ऐकत असतं. हे म्हणतात, आता कोणी ऐकत नाही. मी म्हणते, अख्खं तरुणपण ऐकतात असं धरून कुजबुजण्यात घालवलं, आता या वयात मोठ्याने बोलायला कुठे शिकू?)

एर्मेक तुला आठवणार नाही. खालच्या गल्लीतल्या तुर्दुबुबू आजींचा तो एकुलता एक मुलगा. हिवाळ्यात कोणाचे तरी घोडे चोरीला गेले, पोलिसांनी याला उचललं, आणि चार दिवसांनी त्याने गुन्हा कबूल करून सही केली. कबुलीत असं होतं की त्याने घोडे खिंडीतून पलीकडच्या बाजारात नेले. आता ती खिंड तेव्हा बर्फाने बंद होती, बर्फ काढणारं सरकारी यंत्रच तिथे अडकून पडलं होतं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. घोड्यांना काय पंख फुटले होते? शिवाय कोर्टात पोराला उजवा हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता. पण पूर्वी असलं कोणी बघत नसे. कबुली आहे ना, मग संपलं. आमच्या कोर्टात निर्दोष म्हणून आजवर कोणी सुटलंच नव्हतं. फारच शंका आली तर हे शिक्षा थोडी कमी द्यायचे, आरोपीचे घरचे डोळे पुसत आभार मानायचे, सरकारी वकील हात मिळवायचे, आणि सगळे वेळेवर जेवायला घरी.

मग तो नवा कायदा आला आणि सगळ्या न्यायाधीशांना तळ्याकाठच्या हॉटेलात शिकवणीला बोलावलं. परदेशी बायका-पुरुष माणसाच्या हक्कांबद्दल बोलले आणि जाताना प्रत्येकाला एक पिशवी, एक कप आणि एक जाडजूड पुस्तक दिलं. बाकीच्या साहेबांनी कप घरी आणला आणि पुस्तक तिथेच खोलीत विसरलं. आमच्या यांनी पुस्तक आणलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण ते वाचलं! मारून घेतलेली कबुली ही कबुलीच नव्हे, असं त्यात कुठेतरी आहे म्हणे. मी म्हटलं, अहो, आपल्या कायद्यात हे पूर्वीही होतंच ना? तर म्हणाले, होतं, पण तेव्हा ते वाचायचं नसतं असं आम्हाला माहीत होतं.

तर यांनी एर्मेकला सोडलं. निकाल ऐकून आनंद व्हायचं सोडून सगळं कोर्ट नुसतं बघत बसलं. ज्या लोखंडी पिंजऱ्यात आरोपीला उभं करतात, त्याचं दार उघडून माणसाला मागच्या दाराने गाडीत घालायचं एवढंच शिपाई टोकोनला ठाऊक. त्याने अदबीने विचारलं, "साहेब, मग याला नेऊ कुठे?" हे म्हणाले, "घरी." टोकोन म्हणाला, "कोणाच्या?" शेवटी हेच खाली उतरले आणि पुढच्या दाराकडे बोट दाखवून एर्मेकला म्हणाले, "जा बाबा." तरी ते पोर जागचं हलेना. तुर्दुबुबू आजी त्याचं मनगट धरून ओढत घेऊन गेल्या. हे सगळं यांनी घरी आल्या आल्या, कोटही न काढता सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात यांना कामावरून असं खूश होऊन घरी आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी हे बाहेर पडल्यावर त्यांच्या कोटाचे खिसे चाचपले. मग कपाट, मग गाद्या, मग पिठाचा डबा उपसला. एकटी मीच नव्हे हं. गावात एकाच्याही मनात आलं नाही की पोराने चोरी केली नाही म्हणून तो सुटला. सुटला म्हणजे न्यायाधीशाने पैसे खाल्ले, आणि भरपूर खाल्ले, कारण स्वस्तात कोण सुटतं? शेजारची साइराकान येऊन विचारून गेली, राजधानीत फ्लॅट कुठल्या भागात घेताय. धाकटे दीर रुसले, म्हणाले वहिनी, परक्याच्या तोंडून कळावं का? खाटीक मला हाडं द्यायचा तो मांडीचं मांस देऊ लागला. एजे, खोटं नाही सांगत, पिठाच्या डब्यात काही सापडलं नाही तेव्हा मला आधी राग आला. अभिमान नंतर वाटला, हात धुताना. याची लाज मला अजून वाटते.

आता मेंढ्याचं. दोन दिवस हे नदीवर मासे धरायला गेले होते. तुर्दुबुबू आजी दारात आल्या, दोरीला मेंढा. तो त्यांचा एकच होता, मला माहीत आहे. मुलगा परत आला म्हणून तो त्यांनी आमच्या नावाने कापायला आणला होता. मी नको म्हटलं, त्या रडू लागल्या. मी पुन्हा नको म्हटलं, तर म्हणाल्या, "माझ्या पोराच्या जिवाची किंमत तुला एवढीपण वाटत नाही का गं?" आता सांग, कोणत्या तोंडाने परत पाठवू? आपल्याकडे दारातून मेंढा परत पाठवणं म्हणजे शाप देणंच. नव्या कायद्यात हे कुठे बसतं ते त्या परदेशी बायकांनी शिकवलं नव्हतं. (शिकवलं असेल, पण मला थोडंच बोलावलं होतं?) मग मेंढा कापला, मोठी कढई चढवली, गल्ली जेवायला बोलावली. संध्याकाळी हे आले, हात धुऊन बसले. मोठ्या मानाने मी मुंडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी कान कापून पोरांना दिला, चांगले दोन-चार घास खाल्ले आणि मग विचारलं, "कुठला गं हा मेंढा?" मी सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि ती पुन्हा उचललीच नाही. तेवढ्यात तुर्दुबुबू आजींनी दोन्ही हात पसरून न्यायाधीशसाहेबांना शंभर वर्षांचा आशीर्वाद दिला, आणि साइराकानने तो फोनवर टिपला. वाईट हेतूने नाही गं. तिला सगळंच टिपायची खोड आहे.

तो आशीर्वाद सगळ्या जिल्ह्याने पाहिला. सरकारी वकिलांना आयतंच हातात कोलीत मिळालं. एका मेंढ्यावर आरोपी सोडला, असं लिहून त्यांनी प्रकरण राजधानीतल्या वरच्या कोर्टात नेलं. यांची चौकशी लावली. चौकशीचे साहेब मला विचारत होते, मेंढा किती वजनाचा होता. मी म्हटलं, गल्लीला पुरला, आम्हाला फक्त मुंडी आली. त्यांनी तेही लिहून घेतलं. यांचं काय ते होईल, एजे, पेन्शन जवळ आलीच होती. पण एर्मेकची सुटका रद्द झाली तर तो परत आत जाईल, आणि तो खांदा घेऊन आत काय होईल ते मला लिहवत नाही. जे त्या पुस्तकाने केलं ते माझ्या कढईने मोडलं. हे मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पत्र मिनीबसवाल्याकडे देते, सोबत घरच्या दह्याच्या वाळवलेल्या कुरुतच्या गोळ्या आहेत, दाजींना आवडतात म्हणून जास्त खारट केल्यात. लहानांना माया, मोठ्यांना मान, आणि तुझ्या गुडघ्यांना आराम पडो.

तुझीच,
सुयुमकान

ता. क. खरं सांगायचं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. तुझे जावई नुर्दिन त्या वरच्या कोर्टात न्यायाधीश आहेत ना, त्यांच्याच पुढे एर्मेकचं प्रकरण आलं आहे. एक शब्द टाक ना. तुझं ते ऐकतात.

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी यांनी पत्र वाचलं (न वाचता यांच्या हातून कागद सुटत नाही). रागावले नाहीत. म्हणाले, तो तुझ्या बहिणीच्या शब्दावर सुटला, तर गाव माझ्याबद्दल बोलत होतं ते खरं ठरेल. तेव्हा एजे, नुर्दिनला काही बोलू नकोस. वरचं मी खोडायला घेतलं होतं, पण खोडवलं नाही.

ता. क. आज सकाळी तुर्दुबुबू आजी पुन्हा आल्या होत्या. मेंढा नव्हता, आता कुठला असायला. एर्मेकचं काय होईल एवढंच विचारायला आल्या होत्या. फाटकापलीकडे लोक बघत होते. मी फाटक उघडलं नाही. आतूनच म्हटलं, आजी, जा, कोणी बघेल. आपल्या आईच्या घरातून भाकरीचा तुकडा तोंडात घातल्याशिवाय कोणी परत गेलं होतं का गं कधी? माझ्या दारातून गेलं. त्या बराच वेळ उभ्या होत्या, हे मला फाटकाखालून त्यांचे जोडे दिसत होते म्हणून कळलं.

म्हणून एक कर. नुर्दिनला रविवारी जेवायला बोलाव. एर्मेकचं नाव काढू नकोस, आमचं काढू नकोस, काही म्हणजे काही बोलू नकोस. नुसतं पोटभर वाढ, आणि वाढताना माझ्यासारखाच मनातल्या मनात त्या पोराचा विचार करत राहा. फक्त मेंढा नको. कोंबडी कर.