खिडकीकडची बाजू

४ मार्च, मंगळवार

नाकारलं! माझं या देशात राहायचं रेसिडेन्स कार्ड नाकारलं! कारण काय, तर आमचं लग्न म्हणे खरं वाटत नाही. देश सोडा, नाहीतर अपील करा. नवऱ्याने, म्हणजे माझ्या लांबूने, पत्र वाचून दाखवलं तेव्हा मी रात्रीच्या कामाला निघायच्या कपड्यांत होते. म्हटलं, पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचलं. तेच!

कार्ड देणाऱ्या ऑफिसात आम्हाला दोन वेगळ्या खोल्यांत बसवून प्रश्न विचारले होते. पलंगावर कोण कुठल्या बाजूला झोपतं? मी सांगितलं, मी खिडकीकडे. पलीकडच्या खोलीत लांबूनेही सांगितलं, मी खिडकीकडे. झालं! उत्तरं जुळत नाहीत. अरे, पण दोघंही खरंच बोललो ना! मी रात्रभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुते, हा दिवसभर बस चालवतो. मी कामावर असते तेव्हा तो झोपतो, तो बसवर असतो तेव्हा मी. भिंतीकडची बाजू ओलीने बुरसटलीय, तिकडे कोण मरायला झोपेल? सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं त्या खिडकीवरून भांडतो. पण हे त्या चष्मेवाल्या साहेबाने विचारलं नाही. मारला शिक्का आणि मोकळा!

६ मार्च, गुरुवार

आज पत्राचं दुसरं पान नीट वाचलं. वाचलं नसतं तर बरं झालं असतं.

साहेबाने मला विचारलं होतं, "नवऱ्याशी रोज कधी बोलता?" मी म्हटलं होतं, सकाळी बसमध्ये. मी कामावरून त्याच्याच पहिल्या बसने घरी येते, त्याच्या मागच्या सीटवर बसते. त्याच्या डोक्यावर पाटी आहे — चालकाशी बोलू नये. म्हणून आम्ही हळू बोलतो. दूध संपलं, नळ गळतोय, आज वाकडं तोंड का, असलं सगळं. आणि या शहाण्याने काय उत्तर दिलं? "बसमध्ये? छे! बसमध्ये एक अक्षर नाही." डेपोत कळलं तर काय, म्हणून घाबरला!

"अरे, नोकरी वाचवलीस आणि बायको घालवलीस!" मी ओरडले. तो मान खाली घालून उभा राहिला. एवढा ताडमाड माणूस असा उभा राहिला की धड रागावताही येत नाही. तरी मी रागावले. चांगली रागावले.

१३ मार्च, गुरुवार

अपिलासाठी गाठलेल्या वकीलबाई म्हणाल्या, दोघांचे एकत्र फोटो आणा. घरी शोधले. लग्नातले सोडले तर सगळ्यांत एक जण झोपलेला! त्याचे मी काढलेले, माझे त्याने. त्यातल्या एकात माझं तोंड उघडं आहे. हे म्हणे पुरावे!

आणि आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून कळली. साहेबाने सासूबाईंना फोन केला होता. त्या आमच्याच खालच्या मजल्यावर राहतात. मुलगा आणि सून एकत्र राहतात का? बाईसाहेब म्हणाल्या — "मी तरी त्यांना कधी एकत्र पाहिलं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

१४ मार्च, शुक्रवार

गेले खाली. म्हटलं, असं कसं बोललात तुम्ही? तर शांतपणे म्हणतात, "विचारलं तेवढं सांगितलं. खोटं बोलू?" म्हटलं, अहो, पण पुढचं, आमच्या पाळ्या उलट्या आहेत, तेही सांगायचं ना! "पुढचं त्याने विचारलं नाही."

दार आपटून आले. लग्नाला तीन वर्षं झाली, सासूबाई शेजारणीशी बोलतात तेव्हा मी अजून "त्याची ती"च आहे. आता जाणार एकदाची ती. होऊ दे त्यांच्या मनासारखं!

९ एप्रिल, बुधवार

अपिलाची तारीख मिळाली, २१ मे. तोवर काम करायला परवानगी आहे. केवढे उपकार!

४ मे, रविवार

सुट्टी. खिडकीकडची बाजू त्याने न भांडता मला दिली. मला अजिबात आवडलं नाही.

२१ मे, बुधवार

सुनावणी झाली.

चष्मेवाला साहेब तेच तेच वाचत होता — खिडकी, बस, खिडकी, बस. लांबूला बोलताना घाम फुटला. मी मध्येच बोलले तर मला गप्प केलं. माझ्याच लग्नाबद्दल मी गप्प बसायचं!

तेवढ्यात दार उघडून सासूबाई आत. कोणी बोलावलं नव्हतं. ठेवणीतला कोट, हातात छत्री. "मला बोलायचंय." वकीलबाईंनी लगेच परवानगी मागितली, मिळाली.

"माझ्या डोक्यावर यांची खोली आहे," त्या म्हणाल्या. "मला छतातून सगळं कळतं. हा माझा मुलगा लहानपणापासून धाडधाड चालतो. किती ओरडले, मारलं, काही फरक नाही. आता संध्याकाळी घरी येतो तेव्हा माझी सून झोपलेली असते. तेव्हा याचा पाय वाजत नाही. रोज. हे लग्न नाही तर काय आहे, तुम्हीच सांगा!"

माझी सून म्हणाल्या! मी तिथेच रडायला लागले. रागही आला — बाई गं, हे फोनवर सांगायला काय झालं होतं? बाहेर आल्यावर विचारलंच. म्हणाल्या, "फोनवर तो माणूस घाईत होता. आणि मला तू आवडत नव्हतीस." तोंडावर! मग मला हसूच आलं.

१७ जून, मंगळवार

फेटाळलं.

सासूबाईंची साक्ष धरली नाही. का, तर त्या मुलाच्या आई आहेत, मायेपोटी बोलल्या असतील. आणि फोनवर विरुद्ध बोलल्या तेव्हा कोण होत्या? वाटेवरच्या बाई? तेव्हा त्यांचा शब्द न् शब्द खरा! कुठल्या तोंडाने लिहितात ही माणसं असलं? लाज कशी वाटत नाही?

महिन्याभरात जायचं आहे. लाँड्रीतलं काम आजपासून बंद.

लांबू म्हणाला, "मी येतो तुझ्याबरोबर." म्हटलं, आणि खाली आई? एकट्या? मग म्हटलं, मी एकटी जाते, तू इथे राहा. त्यावर तो असा चिडला, इतका मोठ्याने बोलला की मी बघतच राहिले. तिकडे माझ्या देशात तो आला तर सासूबाई एकट्या, इकडे तो राहिला तर मी एकटी. दोघांनी कितीदा तेच तेच बोलून पाहिलं. शेवटी न जेवताच उठलो. खाली नक्की सगळं ऐकू गेलं असणार.

१८ जून, बुधवार

सकाळी सासूबाई जिना चढून वर आल्या. गुडघे दुखतात म्हणून कधी येत नाहीत. खुर्ची पुढे केली तर बसल्या नाहीत. धाप लागली होती, दाराला धरून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "काय गं, तुमच्याकडे परदेशी सासूला कार्ड देतात का?"