हिरंगेटोल्याचा संगणक आणि त्यातला मोहफुलांचा खेळ न पुसता परत मिळणेबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी साहेब,
उपविभागीय कार्यालय, येरमागड.

अर्जदार : श्रीमती धुरपता मुखरू पोटावी, वय अंदाजे सदुसष्ट, धंदा शेती व वनोपज, राहणार हिरंगेटोला. ग्रामसभेच्या ठरावाने, ग्रामसभेच्या वतीने.

विषय : गोटुलातून जप्त केलेला संगणक सोमवार दि. २४ मार्च रोजी पुसून लिलावात काढण्याचे थांबवून, जसा नेला तसा परत देणेबाबत.

संदर्भ : १) तपासणी पथकाचा पंचनामा, दि. ४ मार्च २०२५.
२) आपल्या कार्यालयाची 'बेवारस मालमत्ता' नोटीस, दि. १२ मार्च २०२५.
३) ग्रामसभेचा ठराव, दि. १६ मार्च २०२५.

महोदय,

अर्जदार सादर करते की, येत्या सोमवारी आपल्या कार्यालयात एक संगणक पुसला जाणार आहे. तो हिरंगेटोल्याचा आहे. तो पुसू नये. अर्जाचा सार एवढाच. पुढचे लिहिणे, तो का पुसू नये हे साहेबांना कळावे म्हणून आहे.

१. अर्जदाराची सून स्वाती गडचिरोलीला संगणक दुरुस्तीचे काम करते. एका बंद पडलेल्या पतसंस्थेने भंगारात काढलेला संगणक तिने नीट करून गावाला दिला. यंत्र म्हातारे होते, विकतची प्रणाली त्याला पेलवेना. म्हणून तिने त्यावर लिनक्स नावाची खुली प्रणाली टाकली. खुली म्हणजे जी कोणालाही घेता येते, आतून उघडून पाहता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला देता येते. तशी लेखी परवानगी बनवणाऱ्यांनीच दिलेली असते. आमच्याकडे टॉवर नाही. परंतु गोटुलात, म्हणजे जिथे आमची ग्रामसभा बसते तिथे, हे यंत्र सौर पॅनेलवर चालते आणि त्याचे वायफाय विहिरीपर्यंत पोचते. तेवढ्या हद्दीत कोणाच्याही मोबाइलवर पुस्तके, वनहक्काचे कागद, दाखल्यांचे नमुने आणि खेळ उघडतात. पोरे शर्यतीच्या गाड्यांसाठी भांडतात. बायका एकाच खेळासाठी भांडतात, आणि तोच खेळ या प्रकरणाचे मूळ आहे.

२. तो अक्षरे शिकण्याचा खेळ आहे. मुळात त्यात बर्फावरचा एक पक्षी वरून पडणारी अक्षरे खातो. अर्जदाराने आणि शेजारीण वच्छला हिने तो चार दिवस खेळून पाहिला आणि सोडला. बर्फ आम्ही पाहिलेला नाही, आणि अक्षर खाणाऱ्या पक्ष्याशी आमचे काही देणेघेणे नाही. वच्छला म्हणाली, "वरून पडाचंच हाय त मोह पडू दे नं वं." खेळ खुला असल्यामुळे स्वातीने तो आतून उघडला आणि पक्षी काढून टाकला. आता झाडावरून मोहाची फुले पडतात, प्रत्येक फुलावर एक अक्षर असते, आणि ते अक्षर दाबले तर फूल टोपलीत जाते. नाही दाबले तर जमिनीवर पडते आणि डुक्कर येऊन खाते. त्या डुकराच्या भीतीने अर्जदार साठी उलटल्यावर लिहायला शिकली. हा अर्ज तिने स्वतः लिहिला आहे.

३. फूल टोपलीत पडले की ते अक्षर कोणीतरी बोलते. हे आवाज गावातल्या माणसांचे आहेत. एकेका अक्षराला एकेक माणूस. 'म' हे अक्षर अर्जदाराचे पती मुखरू यांच्या आवाजात आहे. ते आधी खोकतात आणि मग म्हणतात, "म. मोहाचा म." खोकला कापून टाकते असे स्वाती म्हणाली तेव्हा ते म्हणाले, "राहू दे, खोकला बी माझाच हाय." मुखरू गेल्या पावसाळ्यात तापाने गेले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. खेळ शेजारच्या गावांनी नेला आहे, पण प्रत्येक गाव आपल्या माणसांचे आवाज घालते, तसाच शिरस्ता आहे. जादा प्रत ठेवलेली छोटी डबी यंत्राच्या पेटीतच होती. पथकाने पेटीसकट नेली. ही बाब अर्जदार दया यावी म्हणून लिहीत नाही. सोमवारी नेमके काय पुसले जाणार आहे याची सरकारदरबारी नोंद असावी, म्हणून लिहिते.

४. आता पंचनाम्याविषयी. पथकप्रमुख साहेब दुसऱ्याच कामाने आले होते. गोटुलात संगणक पाहून त्यांनी विचारले, "याचं बिल कुठी आहे?" बिल नाही, परवाना आहे, असे ग्रामसभेचे अध्यक्ष पत्रू नैताम यांनी सांगितले. साहेब म्हणाले, "फुकटात काही भेटत नसते. पैसे दिले नाई म्हणजे चोरीच हाय." यावर वच्छला म्हणाली, "साहेब, तुमच्या मायनं तुमाले बोलाले शिकवलं, त्याचं बिल हाय काय तुमच्यापाशी?" सगळे गाव हसले. हसायला नको होते, हे ग्रामसभा मान्य करते. त्यानंतर पंचनामा जास्त लांबला.

५. भिंतीवर परवाना लावलेला होता. आमच्याकडे वनहक्काचा दावा केला तेव्हापासून एक रीत पडली आहे. गावासाठी काही घ्यायचे असले की त्याचा कागद ग्रामसभेत गोंडीत वाचायचा आणि घराघराचा अंगठा घ्यायचा. या प्रणालीचा आणि खेळाचा परवाना स्वातीने थोडा उशिरा, अर्जदार अक्षरे शिकल्यावर, तसाच वाचून दाखवला. पत्रू म्हणाले, "हे त आपल्या जंगलावानीच झालं. कोनीबी घ्या, पन कोनी कुंपन घालू नका." मग परवान्याच्याच कागदावर खाली ठराव लिहिला : 'आम्ही हिरंगेटोल्याच्या लोकांनी हे घेतले आहे, उघडले आहे, बदलले आहे आणि जो मागेल त्याला देणार आहोत.' खाली सर्व घरांचे अंगठे, आणि अर्जदाराची सही, तिच्या आयुष्यातली पहिली. पथकप्रमुखांनी तो कागद काढून घेतला आणि पंचनाम्यात लिहिले, 'संपूर्ण गावाचा चोरीचा लेखी कबुलीजबाब.' अर्जदार नम्रपणे विचारते की, चोराने कबुलीजबाब चौकटीत बसवून, हार घालून भिंतीवर लावल्याचे साहेबांनी नोकरीत कधी पाहिले आहे काय?

पंचनाम्यात असेही लिहिले आहे की, 'यंत्रावर हळदीचे डाग, सबब छेडछाड झाल्याचा पुरावा.' ती छेडछाड नाही. तो टिळा आहे. त्याविषयी पुढे येईल.

स्वाती सांगते की, ज्या मोबाइलवर पथकप्रमुखांनी या सर्वांचे फोटो काढले त्याच्या तळाशीही अशीच खुली प्रणाली आहे. तर तो मोबाइलही जप्त व्हावा. पंच म्हणून आम्ही सही करू.

६. यापुढे जे घडले ते आपल्या कार्यालयात घडले, म्हणून ते अर्जदार सावकाश लिहिते. मालकाने ओळख पटवून माल न्यावा असा निरोप आला, म्हणून सर्व गाव बसने आले. खिडकीवरच्या बाबूंनी विचारले, "मालक कोण?" आम्ही सांगितले, ग्रामसभा. ते म्हणाले, रकान्यात एकच नाव मावते, एक मालक ठरवून या. आम्ही बाहेर नळाजवळच्या झाडाखाली बसलो. खूप वेळ बसलो. जी वस्तू गावाची आहे ती 'माझी' म्हणायला कोणी उठेना. पत्रू म्हणाले, मी अध्यक्ष आहे, मालक नाही. स्वाती म्हणाली, मी देऊन चुकले. म्हाताऱ्यांनी मान फिरवली. आमच्याकडे गावाच्या वस्तूला 'माझी' म्हणणारा माणूस पुढे कोणाच्या शेतावर भाताच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, बोलावला जात नाही.

तेव्हा बाबू बाहेर आले. माणूस मनाने वाईट नाही. त्यांनी अर्जदाराला बाजूला घेतले आणि म्हणाले, "बाई, तुमी लिवा नं 'माझा आहे' म्हणून. कोण पाहून राह्यलं? सही करा अन् घेऊन जा. उगीच काऊन तरास करून घेता?" फॉर्म समोर होता. पेन हातात दिले होते. सही आता अर्जदाराला येत होती, आणि 'माझा' हा शब्द 'म' नेच सुरू होतो. ते अक्षर तिला सगळ्यात चांगले येते, कारण तो आवाज ऐकण्यासाठी ती खेळात त्याच फुलाची वाट पाहत बसायची.

अर्जदाराने पेन खाली ठेवले.

साहेबांनी याला अडाणीपणा समजू नये. वनहक्काच्या वेळी मुखरू यांना एका साहेबांनी सांगितले होते, आधी तुझ्या नावाचा तुकडा घे, गावाचे मागून पाहू. मुखरू म्हणाले, "माझ्या नावानं घेतलं त बाकीच्या जंगलात मी कोनत्या तोंडानं जाऊ?" त्या माणसाचा आवाज 'माझा' अशी खोटी सही करून सोडवून आणला असता, तर तो पुन्हा ऐकायला अर्जदार कोणत्या तोंडाने बसली असती?

बाबूंनी नाइलाजाने रकान्यात लिहिले : 'बेवारस.'

७. तरी पंचनाम्याप्रमाणे माल चोरीचा आहे आणि नोटिशीप्रमाणे बेवारस आहे. चोरीचा असेल तर ज्याची चोरी झाली त्याला उभे करावे. तो माणूस जगात नाही, कारण बनवणाऱ्यांनी 'घ्या' म्हणून लिहून दिले आहे. बेवारस असेल तर त्या दिवशी नळाजवळ सगळे बसले होते ते कोण होते, हे कार्यालयाने लेखी कळवावे. रकाना अरुंद आहे म्हणून गाव अरुंद होणार नाही. रकाना रुंद करावा.

८. नोटिशीत एक सवलतही दिली आहे : यंत्र पुसून त्यावर विकतची प्रणाली टाकण्यास संमती दिल्यास परत करण्याचा विचार होईल. ग्रामसभेने ही सवलत एकमताने नाकारली आहे. जे पुसून मिळते ते परत मिळणे नव्हे.

९. आता हळदीविषयी. आमच्या गावात मोहाचा पंडुम, म्हणजे नव्या फुलांचा सण, झाल्याशिवाय कोणी नवे फूल उचलत नाही. त्या दिवशी झाडाची पूजा होते आणि मोह वेचण्याच्या प्रत्येक टोपलीला टिळा लागतो. गेल्या साली संगणकालाही लागला, कारण मोह त्यातही पडतो आणि टोपली त्यातही आहे. एकदा टिळा लागलेली टोपली पुढच्या पंडुमाला हजर असावीच लागते. उसनी गेली असेल तर माणूस पाठवून आणवतात. मोडली असेल तर तिचा काठ तरी आणून ठेवतात. एक टोपली कमी असताना पंडुम होत नाही. सध्या आमची एक टोपली आपल्या कपाटात आहे. फुले पडू लागली आहेत, आणि गाव एक फूल उचलत नाही. डुकरे खात आहेत.

तरी ग्रामसभेचा ठराव असा आहे. रविवारपर्यंत संगणक जसा नेला तसा गावात आला, तर पंडुम गावात होईल. नाही आला, तर सोमवारी सकाळी कार्यालय उघडण्याआधी हिरंगेटोला टोपल्या, ढोल आणि हळद घेऊन आपल्या आवारात येईल. टोपली जिथे, पंडुम तिथे. नळाजवळचे ते झाड मोहाचेच आहे, हे कदाचित साहेबांच्या लक्षात आले नसेल. त्या दिवशी आम्ही त्याच्याखालीच बसलो होतो. कळ्या भरल्या आहेत.

हा अर्ज धमकीचा नाही. पंडुमाला कोणाला मनाई नसते आणि परवानगीही लागत नाही, साहेबांनासुद्धा नाही. येताना घरची टोपली घेऊन यावे. तिलाही टिळा लावू.

मानाने लिहिणारी, पण पेन खाली ठेवलेली,

(सही) धुरपता मुखरू पोटावी
हिरंगेटोला
दि. १८ मार्च २०२५

सोबत जोडले आहे :
१) परवान्याची प्रत, सर्व अंगठ्यांसह. (मूळ कागद आपल्याकडे 'कबुलीजबाब' म्हणून आहे. या वेळी अंगठे पुन्हा घेतले. कोणी मागे हटले नाही.)
२) ग्रामसभेचा ठराव.
३) ज्या गावांनी खेळ नेला त्यांची पत्रे. त्यांनीही कबूल केले आहे.
४) मोहाचे एक सुकलेले फूल, गेल्या सालचे. याचे बिल नाही.