वरची जागा

ट्रॉय, मिशिगन
ऑगस्ट १९८४

तीर्थरूप आबांस, शालनचा नमस्कार.

इयनशी लग्न केल्यापासून तुम्ही माझी पत्रं फोडत नाही, म्हणून हे टाकणारच नाही. पण आजची गोष्ट तुम्हालाच सांगण्यासारखी आहे.

इथल्या स्कॉटिश सोसायटीचा मेळावा होता. बॅगपाइप, किल्ट नेसलेले म्हातारे, प्रत्येक घराण्याचा वेगळा तंबू. इयनच्या आत्यांनी माझ्या खांद्यावर पदराला पाइनची डहाळी टाचली. म्हणाल्या, "प्रत्येक कुळाचं एक झाड असतं. आम्हा ग्रँटांचं हे."

आबा, मला हसूच आलं. देवक बसवल्याशिवाय लग्न कसलं, म्हणून तुम्ही आला नाहीत. आणि इथे सासरीच देवक निघालं!

मी ऐटीत म्हटलं, "आम्हा मोहित्यांचंही झाड आहे. कळंब."

"मग ते तुला कोण टाचणार?" त्यांनी सहज विचारलं.

"माझे वडील," माझ्या तोंडून निघून गेलं.

आत्यांनी डहाळी काढली आणि जरा खाली टाचली. म्हणाल्या, "मग वरची जागा त्यांची."

घरी येऊन बराच वेळ झाला. साडी अजून बदललेली नाही.

तुमच्याइतकीच हट्टी,
शालन